विषय : मागचे फाटक

ता. ३ ऑक्टोबर, सकाळी

चि. मुंगीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. इकडे सगळे ठीक. आईचा खोकला गेला. तुझ्या भावोजींची पाठ पूर्वीसारखीच आहे, म्हणजे काम निघालं की दुखते आणि बुद्धिबळाचा पट मांडला की थांबते. दुकान बरं चाललं आहे. लोक किल्ल्या हरवतात तोवर कुलूपवाल्याच्या घरात चूल पेटायला अडचण नाही.

पत्रास कारण तुझं पत्र. तुझं म्हणजे तुझ्या शिक्षण मंडळाचं, पण खाली सही तुझी आहे, तेव्हा मी ते तुझंच धरते. ती शेवटची लांब शेपटी मी झोपेतही ओळखेन. लहानपणी पाटीवर तुझी शेपटी माझ्या अर्ध्या भागात यायची आणि त्यावरून आपली जुंपायची.

आता अर्जात जे लिहिता आलं नाही ते इथे सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेची मागची भिंत आहे, तिला हिरवं लोखंडी फाटक आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपली, शाळा उघडली, फाटक काही उघडलं नाही. पोरं आता हमरस्त्याने वळसा घालून जातात आणि तिथे ट्रकवाल्यांचं राज्य. आमच्या भिंगरीला (भिंगरी म्हणजे नात, तू पाहिलीस तेव्हा रांगत होती, आता एका जागी उभी राहत नाही) तिची आई हाताला धरून सोडते आणि मग रोज कामावर उशिरा पोचून बोलणी खाते. शाळेच्या शिपायाला विचारलं, म्हणाला वरून आदेश आहे. मोठ्या बाईंना विचारलं, त्याही म्हणाल्या वरून आदेश आहे. मी म्हटलं, किती वरून? तेवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

भावोजींना ते कुलूप म्हणजे बसल्या जागी डोळे मिटून उघडण्याचं काम. मी म्हटलंही. तर म्हणाले, “कुलूप कुणाचंही उघडता येतं. कुणी सांगितल्याशिवाय उघडलं की त्या धंद्याचं नाव बदलतं.” म्हणून मी सरळ मार्गाने गेले. शाळेचे कागद कुणालाही मागता येतात, मागितले की उत्तर द्यावंच लागतं, हे तूच एकदा आम्हाला जेवताना समजावून सांगितलं होतंस. तेव्हा मी ऐकत नव्हते असं तुला वाटलं असणार.

अर्जात मी सरळ विचारलं, मागचे फाटक का बंद केले ते कळवावे. तुझं उत्तर आलं : “आपला अर्ज संबंधित शाळेकडे वर्ग करण्यात येत आहे.”

मुंगे, मी चांगली साडी नेसून शाळेत गेले. कचेरीतल्या कारकुनाला म्हटलं, माझा अर्ज कोणत्या वर्गात आहे? तो म्हणाला, मुलाचं नाव सांगा. मी म्हटलं, मुलाचा नाही, माझा. त्याने मला नीट न्याहाळलं, आणि प्रौढांचे वर्ग इथे भरत नाहीत असं फार गोड आवाजात सांगितलं. मी तुझं पत्रच त्याच्यापुढे ठेवलं. बिचारा हसला नाही, याबद्दल मी त्याला कायम दुवा देईन. म्हणाला, आजी, वर्ग करणं म्हणजे एकाकडची गोष्ट उचलून दुसऱ्याकडे पाठवणं. तुमचा अर्ज आला होता, आमच्याकडे त्याबद्दल कागद नाही म्हणून आम्ही तो परत वर्ग केला. म्हणजे माझा अर्ज शटलकॉकसारखा इकडून तिकडे चालला आहे आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना कुणी नाही.

घरी येऊन हसत हसत सगळ्यांना सांगितलं. आई तर डोळे पुसेपर्यंत हसली. मी मात्र मध्येच उठून तुझं पत्र पुन्हा उघडलं. तो ‘वर्ग’ शब्द मी आधी एकदा तुझ्या तोंडून ऐकला होता, फोनवर. कधी ते तुला माहीत आहे. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. असो.

मी दुसरा अर्ज टाकते आहे. हे पत्र मात्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते. आधीची पोचली का, ते विचारत नाही. टपालवाल्यांवर माझा विश्वास आहे.

तुझी ताई
(आणि अर्जदार)

&nbsp;

ता. ११ नोव्हेंबर

चि. मुंगीस,

आशीर्वाद. थंडी पडू लागली आहे. आईला मी तिचे लोकरीचे मोजे घालते आणि ती ते दुपारी काढून उशीखाली ठेवते. भिंगरीचे पुढचे दोन दात पडले, त्यामुळे ती ‘स’ म्हणू शकत नाही आणि दिवसभर ‘स’चेच शब्द शोधून बोलते.

तुझं दुसरं उत्तर मिळालं. “‘का’ या स्वरूपाच्या प्रश्नाचे उत्तर देणे या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. अर्जदाराने उपलब्ध अभिलेखाची प्रत मागावी.” दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, कारण आईला ते फारच आवडलं. ती म्हणाली, हिला लहानपणी दिवसाला शंभर ‘का’ विचारायची सवय होती, आता बघा कुठे जाऊन बसली. आम्हा दोघींना तेव्हा तुझ्या ‘का’ची उत्तरं देता देता नाकी नऊ यायचे, आणि त्या वेळी कक्षा नव्हत्या.

पण मला पटलं. ‘का’चा कागद नसतो. कागद असतो तो ‘काय’चा आणि ‘कधी’चा. म्हणून तिसऱ्या अर्जात मी शहाण्यासारखं लिहिलं आहे : मागचे फाटक बंद ठेवण्याबाबतच्या आदेशाची प्रत मिळावी. बघू आता कशी निसटतेस.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात पाहिली. पहिल्या उत्तरात सहीखाली ‘प्रभारी माहिती अधिकारी’ होतं. या वेळी ‘प्रभारी’ नाही. मी चष्मा पुसून पाहिलं, आईला दाखवलं. तिने पत्र हातात घेतलं आणि त्या जागेवरून बोट फिरवलं. तिला वाचता येतं, तरी बोट फिरवलं. म्हणजे तू कायम झालीस. मनापासून अभिनंदन, मुंगे. हे तू रविवारी फोनवर आईला सांगितलं नाहीस. फोन मी उचलला की तू फक्त “आईला दे” म्हणतेस, आणि मी देते, आणि मग दारापाशी उभी राहून एका बाजूचं बोलणं ऐकते. तर मला वाटलं होतं निदान तिला तरी सांगशील. बहुतेक तू ते तिला समोर बसून सांगायचं ठेवलं असशील आणि मग समोर येणं जमलं नसेल.

तुझ्या उत्तराच्या तळाला बारीक अक्षरात आहे की उत्तराने समाधान न झाल्यास वरिष्ठांकडे अपील करता येईल. आपल्या दोघींना वरिष्ठ एकच. मी पत्र घेऊन तिच्याकडे गेले आणि म्हटलं, आई, अपील आहे. आता ती कायम झाली. आता मला बोलू दे.

ती खिडकीकडे वळली. तिच्या खोलीची खिडकी मागच्या गल्लीवर उघडते, समोर ते फाटक. इथे आली तेव्हा सकाळ-दुपार त्या फाटकातून पोरांचा लोंढा यायचा, आणि ती त्यांना नावं ठेवायची. ठेवायची म्हणजे खरीच. पिशवीवाला, रडका राजा, दोन वेण्या. सुट्टीनंतर गल्ली ओस पडली. रोज मला विचारायची, पोरं कुठे गेली ग? तू दूर, पोरंही गेली. मला वाटलं, एक तरी गोष्ट मी परत आणू शकते का पाहावं. फाटकाचं हे खरं कारण. भिंगरी आणि ट्रक खोटे नाहीत, पण दुसऱ्या नंबरचे.

आणि पहिल्या नंबरच्याही आधीचं एक आहे, ते आता लिहितेच. घरच्या पत्रांना तू उत्तर देत नाहीस. अर्जाला उत्तर देणं तुला भाग आहे. म्हणून मी अर्ज केला. लबाडी म्हण हवं तर. तुझी सही बघायला मिळावी एवढाच माझा लोभ होता. फाटक पोस्टमन झालं.

तर अपिलाचा निकाल. आई म्हणाली, “लिही तिला. पण माझ्या शब्दांत लिही, तुझं मीठ लावू नकोस.” म्हणून खाली मी फक्त हात आहे, शब्द तिचे.

“मुंगे, तुझ्या ताईने मला नेलं नाही. मीच तिला बोलावलं. तू फोनवर साहेबांना दुसऱ्यांदा सांगत होतीस की ही जागा नको, आई घरी असते, मला फिरतीचं काम जमणार नाही. मी आतल्या खोलीत जागी होते. मला फार राग आला, तुझा नाही, माझाच. मी ताईला फोन केला, म्हटलं मला घेऊन जा आणि ती कामावर असताना ये. ती समोर असली तर माझा पाय निघणार नाही. आणि मी म्हटलं म्हणून सांगू नकोस, नाहीतर ती उद्याच्या उद्या मला परत आणील. तिने तोंडाला कुलूप लावलं. कुलूपवाल्याची बायको ती. आता तुझी जागा पक्की झाली, म्हणून मी उघडते आहे. तिच्यावर रागवायचं ते माझ्यावर रागव. पण येऊन रागव.”

हे तिचं. पुढे माझं.

त्या दिवशी तू संध्याकाळी घरी आलीस, आई नाही, टेबलावर माझी चिठ्ठी : आईला नेते आहे, मग बोलू. आणि मग तुझा फोन. तू म्हणालीस, “आई म्हणजे फाईल आहे का, परस्पर वर्ग करायला?” आणि ठेवलास. मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं, रागाच्या भरात काहीतरी शाळेतलं बोलतेस. त्या कारकुनाने सांगितलेला अर्थ घरी सगळ्यांना सांगता सांगता मी तो फोन पुन्हा ऐकला. एकाकडची गोष्ट उचलून दुसऱ्याकडे. अगदी तसंच दिसलं असणार तुला. मी तुझ्या जागी असते तर मीही फोन ठेवला असता, आणि तुझ्यापेक्षा जोरात ठेवला असता. मला तुझ्यावर राग नाही. होता थोडा, पण तो तुझ्यावर नव्हता, आईला दिलेल्या शब्दावर होता. शब्द दिला की माणूस मूग गिळून बसतो आणि ते मूग काही केल्या पचत नाहीत.

या पत्राला मुदत नाही. इथे ‘का’ विचारलेलं चालतं.

वाट पाहणारी,
ताई

&nbsp;

ता. ९ डिसेंबर, दुपारी, दुकानातून

मुंगे,

आज ‘चि.’ लिहायलाही वेळ नाही. गिऱ्हाईक नाही तोवर भराभर लिहून घेते.

तुझं तिसरं उत्तर परवा आलं. “उक्त फाटक बंद ठेवण्याबाबतचा कोणताही आदेश या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.” आधी वाटलं, घ्या, पुन्हा हात हलवत परत. भावोजींनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “अग, जिंकलीस की. बंद करायचा आदेशच नाही, तर बंद कशाला आहे?” आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला इतक्या वर्षांत कधी कुणाच्या फायद्याचं झालेलं माहीत नव्हतं.

आम्ही दोघं शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी पत्र वाचलं, शिपायाला बोलावलं. शिपाई म्हणाला वरून आदेश आहे. बाई म्हणाल्या, वर तर नाही म्हणतात, तू कुणाकडून ऐकलंस? म्हणाला, तुमच्याकडून. बाई म्हणाल्या, मी तुझ्याकडून. मग कारकून आला, माझा जुना मित्र, आणि त्याने आठवून आठवून गाठ सोडवली. सुट्टीत फाटकाला रंग दिला होता. रंग ओला असताना पोरांनी हात लावू नयेत म्हणून रंगाऱ्याने आपलं स्वतःचं कुलूप घातलं, ते काढायला तो आलाच नाही. शाळा उघडली, सगळ्यांनी कुलूप पाहिलं, आणि प्रत्येकाला वाटलं की एवढं मोठं कुलूप म्हणजे कुणीतरी मोठ्यानेच घातलं असणार. वरचा आदेश म्हणजे रंगारी.

बाई हसल्या आणि भावोजींना म्हणाल्या, उघडता का? आता सांगणारं माणूस होतं, त्यामुळे धंद्याचं नाव बदलण्याची भीती नव्हती. त्यांनी खिशातून दोन तारा काढल्या. मी ‘जपून’ म्हणेपर्यंत कुलूप हातात आलं. फाटक मात्र रंगाने चिकटलं होतं, ते आम्ही दोघं, शिपाई आणि कारकून अशा चौघांनी मिळून ढकललं. माझ्या नखांत अजून हिरव्या रंगाचे पोपडे आहेत.

दुपारी शाळा सुटली आणि पोरं गल्लीत आली. भिंगरी सगळ्यात पुढे, एकटी, स्वतंत्र, फुशारकी मारत. आई खिडकीत होतीच. रडका राजा उंच झालाय म्हणे, आता रडत नाही, त्याचं नाव बदलावं लागणार. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड बंद नव्हतं. मुंगे, मला फार बरं वाटलं. असं बरं वाटलं की भांडी घासताना गाणं म्हटलं, आणि आमच्या घरी ते कुणी माफ करत नाही.

पण एक गोष्ट राहिली, ती सांगायची की नाही यावर काल दिवसभर माझं मन वरखाली होत होतं.

तुझ्या उत्तराची शेवटची ओळ मी घाईत वाचलीच नव्हती. काल सकाळी पत्र पुन्हा काढलं, नीट घडी करून ठेवावं म्हणून. खाली छापलेलं होतं ‘आपली विश्वासू’, दर वेळी असतं तसंच. या वेळी ‘विश्वासू’वर पेनाने आडवी रेघ होती. ठळक, एका झटक्यात मारलेली. मी तिथेच पायरीवर बसले. मला वाटलं, संपलं. एवढं सगळं लिहिलं, आईचे शब्दसुद्धा लिहिले, आणि ही म्हणते विश्वास नाही. सरकारी कागदावर खोडून म्हणते. चहा गार झाला. भावोजींनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावरच खेकसले.

दुपारी आईने माझा चेहरा पाहिला. तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे किल्ल्यांच्या दुकानात कुलूप लपवण्यासारखं. मी पत्र तिच्यापुढे धरलं. म्हटलं, बघ, विश्वासू खोडलंय.

तिने चष्मा लावला. बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं ती आपल्याला पाढे चुकल्यावर बघायची.

“खोडल्यावर काय राहिलं?” तिने विचारलं.

मी वाचलं. “आपली.”

“मग?” ती म्हणाली. “आपलीच आहे ना ती. तेवढंच लिहायचं होतं तिला. तिथे छापील मिळतं ते जास्त होतं, म्हणून खोडलं.”

मुंगे, मी एवढी शिकलेली, पेपरातली शब्दकोडी सोडवणारी, आणि मी खोडलेला शब्द वाचत बसले होते. उरलेला वाचलाच नाही. मग मी रडले, हे तुला सांगायला मला काही लाज नाही. आई रडली नाही. तिने पत्र माझ्याकडून घेतलं आणि मोज्यांच्या शेजारी, उशीखाली ठेवलं. आता मागितलं तर देत नाही. म्हणते, अभिलेख उपलब्ध नाही.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. खाटेची एक बाजू अजून करकरते, ती मुद्दाम नीट केली नाही. बसने आलीस तर हमरस्त्याने वळसा घालू नकोस. शाळेच्या पटांगणातून सरळ चालत ये, मागचं फाटक उघडं आहे. तिथून आमची खिडकी दिसते, आणि खिडकीतून तू दिसशील. आईने तुझ्यासाठी नाव ठरवलेलंच आहे, नवीन ठेवायला नको.

दारात गिऱ्हाईक आलंय. किल्ली हरवली असणार. थांबते.

आपली,
ताई